परतणे

आपल्या स्वयंपाकघरातील बहुतेक पदार्थ सोशिक असतात. आमटी, उसळ, कालवण, रस्सा यांना माणसांची वाट पाहण्याची सवय असते. घरातले एखादे माणूस उशिरा आले, तर पातेले पुन्हा चुलीवर चढते, त्यात घोटभर पाणी पडते, आणि येणाऱ्याला गरम वाढले जाते. रात्री मुरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी अधिकच चविष्ट लागतो, असे म्हणणारे रसिकही घरोघरी भेटतात. आपल्या आया-आज्यांनी सारा संसार या सोशिकपणावर उभा केला. अन्न वाट पाहील, माणसांनी आपापली कामे उरकून यावे, असा त्या घरांचा अलिखित नियम होता.

गेली काही वर्षे मी एक असा पदार्थ करते आहे, की ज्याला हा नियम मुळीच मान्य नाही. तो कढईतून उतरला की पाच मिनिटांत खावा लागतो. दहा मिनिटे झाली की भाज्या मलूल होतात, त्यांना पाणी सुटते, आणि पुन्हा गरम केला तर कोंबडीचे तुकडे दाठरतात. चिनी पद्धतीने परतलेली कोंबडी आणि भाज्या, असे त्याचे साधे वर्णन करता येईल. नाव काहीही द्या, पण हा पदार्थ माणसांची वाट पाहत नाही. माणसांनीच त्याची वाट पाहत बसावे लागते. आमच्या घराला नेमकी याच गोष्टीची गरज होती, हे मला पुढे कळले.

आम्ही राहतो पौडला. मुळशी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण, पुण्यापासून पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर, मुळा नदीच्या काठी वसलेले. यजमानांची शिक्षकाची नोकरी या तालुक्यात, म्हणून आम्ही येथे आलो आणि येथलेच झालो. तेव्हा दिवेलागणीनंतर रस्त्यावर फारशी जाग नसे. चहा, भजी आणि मिसळ यांपलीकडे बाहेरच्या खाण्याची कुणाची कल्पना जात नसे. पुढे पिरंगुटच्या बाजूला कारखाने वाढले, रस्ता रुंद झाला, पुणे शहर चांदणी चौक ओलांडून आमच्या दिशेने सरकू लागले. आणि एके दिवशी रस्त्याच्या कडेला लालभडक रंगाची, अंगावर आग ओकणारा ड्रॅगन मिरवणारी हातगाडी उभी राहिली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता : ‘चायनीज’.

आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ही गाडी दिसते. भट्टीचा भडका, कढईवर आपटणाऱ्या उलथन्याचा ठणठणाट, कोबीचा ढीग आणि लाल चटणीचा घमघमाट, हे सारे आता आपल्या संध्याकाळचाच एक भाग झाले आहे. मंचुरियन, हक्का नूडल्स, शेजवान राइस, ट्रिपल राइस, इतकेच काय तर चायनीज भेळसुद्धा! चीनमधून आलेल्या एखाद्या पाहुण्याला ही यादी वाचून दाखवली, तर तो बिचारा गोंधळून जाईल.

माझ्या मुलाची नोकरी कारखान्यातली, तीन पाळ्यांची. मुलगी कोथरूडला एका कार्यालयात जाते, तिला परतायला कधी आठ तर कधी साडेनऊ होतात. यजमान आता निवृत्त झाले आहेत. त्यांचे आणि सासूबाईंचे जेवण पावणेआठला, औषधांच्या वेळेप्रमाणे. म्हणजे घरात माणसे पाच आणि रात्रीची पंगत चार वेळा. त्यातही मुलगा अनेकदा वाटेतच गाडीवर नूडल्स खाऊन येई, किंवा पिशवीतले पुडके उघडून खोलीत एकटाच बसे. भांडण नव्हते, रुसवाफुगवा नव्हता. केवळ प्रत्येकाचे घड्याळ निराळे झाले होते. रात्री साडेदहाला ओटा पुसताना मला जाणवे, की आज एका छपराखाली राहणारी पाच माणसे एकमेकांशी मिळून दहा वाक्येही बोललेली नाहीत. घर असे आवाज न करता रिकामे होत जाते, वाचकहो. ते रिकामे झाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुलगा एकदा म्हणाला, “आई, गाडीवरचं सारखं खाऊन पोट बिघडतं. तूच घरी का करत नाहीस?” मी त्याला अट घातली : “करीन. पण रविवारी दुपारी, आणि सगळ्यांनी एकत्र बसायचं.” रविवारी पुण्याहून मिस्सा आटोपून परतायला आम्हांला दुपार होते, आणि पाळी नसेल तर मुलगाही घरी असतो. त्याने मान डोलावली. मुलगी भाज्या आणायला तयार झाली. यजमानांनी नव्या पदार्थांविषयीच्या आपल्या नेहमीच्या शंका बोलून दाखवल्या. नकार आला तो सासूबाईंकडून, आणि तोही फार हळू आवाजात.

“सूनबाई, तुम्ही करा, खा. मला माझी भाकरी पुरे. चिन्यांचं अन्न माझ्या पानात नको.”

त्यामागचे कारण मला ठाऊक होते, पण इतक्या वर्षांनंतरही ते इतके जिवंत असेल असे वाटले नव्हते. सासूबाईंचे माहेर नगर जिल्ह्यातले. त्यांचा थोरला भाऊ सैन्यात होता. १९६२ सालच्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले, तेव्हा तो नेफा आघाडीवर होता. युद्ध महिनाभरच चालले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी केली. त्यानंतर घरी तार आली, तीत ‘बेपत्ता’ असा शब्द होता. त्या युद्धात आपले १,३०० हून अधिक जवान मृत्युमुखी पडले आणि १,६०० हून अधिक बेपत्ता झाले, असे अधिकृत आकडे सांगतात. आकड्यांच्या भाषेत ‘बेपत्ता’ हा एक रकाना असतो. घरात मात्र तो न संपणारा दिवस असतो. सासूबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने पुढे मरेपर्यंत रात्री दाराला आतून कडी लावली नाही, मुलगा रात्री-अपरात्री आला तर त्याला ताटकळावे लागू नये म्हणून.

अशा दुःखापुढे पाककृती कोणत्या तोंडाने मांडावी? मी तो विषय तेथेच सोडला. पण मनात एक प्रश्न घर करून राहिला. ज्याला आपण ‘चायनीज’ म्हणतो, ते आले तरी कोठून, आणि ते कुणी आणले? शिक्षकाच्या घरात राहून प्रश्न नुसता मनात ठेवण्याची सवय राहत नाही. मी वाचू लागले, आणि त्या वाचनातून एक निराळीच गोष्ट उलगडत गेली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, आच्यू नावाचा एक चिनी मनुष्य कोलकात्याजवळ बजबजच्या परिसरात आला. त्याला कंपनी सरकारकडून जमीन मिळाली, तेथे त्याने उसाची लागवड केली आणि साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या गावाला अछीपूर हे नाव पडले. हुगळीच्या काठावर त्याची कबर आजही आहे. त्याच्यामागून कोलकात्यात चिनी माणसे येत राहिली. कुणी गोदीत सुतारकाम केले, कुणी दातांचे दवाखाने थाटले, कुणी जोडे शिवले. हक्का समाजातील लोकांनी टांगरा भागात चामडे कमावण्याचा, म्हणजे ज्या कामाला इतर कुणी सहसा हात लावत नसे असा, धंदा पत्करला. मुंबईतही त्यांची वस्ती होती. माझगावला १९१९ साली बांधलेले त्यांचे छोटेसे देऊळ आजही उभे आहे.

या माणसांनी आपापल्या घरी आपले अन्न शिजवले, आणि नंतर ते खाणावळींतून इतरांनाही वाढले. पण येथला ग्राहक आले-लसूण, मिरची आणि झणझणीत रस्सा यांवर वाढलेला. त्याच्या जिभेला फिके अन्न कसे रुचावे? तेव्हा त्यांनी आपल्या अन्नाला आपल्या नव्या देशाची भाषा शिकवली. १९७३ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झाले आणि चीनच्या सिचुआन प्रांताचे तिखट जेवण तेथे मिळू लागले. त्या ‘सिचुआन’चेच आपल्या गाड्यांवर ‘शेजवान’ झाले. १९७५ च्या सुमारास कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करीत असत. काही तरी नवे द्या, असे एका ग्राहकाने म्हटले, तेव्हा त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून परतली. येथवर सारे आपल्यासारखेच झाले. मग गरम मसाल्याऐवजी त्यांनी सोया सॉस घातला, मक्याच्या पिठाने रस दाट केला आणि त्यात तळलेली कोंबडी सोडली. चिकन मंचुरियनच्या जन्माची ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. मांचुरियात हा पदार्थ कुणी ओळखणार नाही. तो मुंबईचा आहे, वडापावाइतकाच मुंबईचा.

पण ज्या भागाने माझी झोप उडवली, तो याच्याही आधीचा आहे. १९६२ च्या त्याच नोव्हेंबरात, सासूबाईंच्या घरी तारेची वाट पाहिली जात होती तेव्हा, आसाम, मेघालय आणि दार्जिलिंग या भागांतील चिनी वंशाच्या कुटुंबांच्या दारावर पोलिसांची थाप पडू लागली. यांतील कित्येकांचा जन्म येथलाच. आसामातल्या माकुमसारख्या गावांत तर चिनी पुरुष आणि आसामी किंवा इतर भारतीय स्त्रिया यांचे संसार होते, आणि त्यांच्या मुलांना चिनी भाषा धड बोलताही येत नव्हती. हाती लागेल तेवढे सामान घेऊन त्यांना निघावे लागले. कित्येक दिवस चाललेल्या आगगाडीच्या प्रवासानंतर त्यांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. अशी सुमारे ३,००० माणसे होती. त्यांत म्हातारे होते, गरोदर स्त्रिया होत्या, शाळेत जाणारी पोरे होती. कुणी काही महिन्यांनी सुटले, कुणाला पाच वर्षे लागली. शेवटची माणसे बाहेर पडली, तेव्हा १९६७ साल उजाडले होते. सुटून आपल्या गावी गेलेल्या अनेकांना आपली घरे आणि दुकाने शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात विकली गेल्याचे आढळले. रीता चौधुरी यांनी ‘माकाम’ ही आसामी कादंबरी लिहिली, तेव्हा कोठे ही हकीकत बऱ्याच जणांच्या कानांवर गेली.

हे सासूबाईंना सांगावे की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. त्यांच्या भावाच्या दुःखावर दुसऱ्या कुणाचे दुःख ठेवून ते हलके करू पाहणे, हा मला अन्याय वाटत होता. दोन दुःखे तराजूत घालता येत नाहीत. पण गोष्ट निघाली ती आमच्या शेजारच्या आजींमुळे. त्या मूळच्या मुळशी खोऱ्यातल्या. त्यांच्या सासरची शेती मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलेली. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी हे धरण बांधले जात असताना, १९२१ साली, सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी येथे सत्याग्रह केला. तीन वर्षे तो लढा चालला, पण धरण झाले आणि भाताची खाचरे बुडाली. आजींचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला, पण त्यांच्या सासूने त्यांना ते सारे इतके वेळा सांगितले होते, की त्या ‘आमचं उठवलं तेव्हा’ अशीच वाक्याची सुरुवात करतात.

एका दुपारी त्या आमच्याकडे घरचे आंबेमोहर तांदूळ घेऊन आल्या होत्या. सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. बोलता बोलता मी देवळीच्या छावणीची गोष्ट सांगितली. कुणाला पटवण्याचा हेतू नव्हता. वाचलेले मनात मावत नव्हते, इतकेच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. शेजारच्या आजी मात्र लगेच म्हणाल्या, “मंग काय करत्याल बिचारी? उठवलेला माणूस आधी चूल मांडतो. घर मागनं.”

त्या गेल्यावर बऱ्याच वेळाने सासूबाईंनी विचारले, “त्या लोकांत लहान पोरं पण होती?”

“होती, आई.”

“आणि ती परतली आपल्या घरी?”

“काही परतली. पण पुष्कळांना घरच उरलं नव्हतं. पुढे त्यांतली बरीच माणसं कॅनडाला निघून गेली.”

त्यांनी शेंगांचे सूप बाजूला सारले आणि पदराला हात पुसले. तेवढ्यावरच ते बोलणे थांबले.

आता थोडे कृतीविषयी सांगते, कारण या पदार्थाचे सारे मर्म त्याच्या कृतीत आहे. पाच माणसांसाठी मी अर्धा किलो हाडे काढलेली कोंबडी घेते. मांसाचे धागे ज्या दिशेने जातात, त्यांना आडवे असे पातळ काप करते, म्हणजे ते चावायला मऊ राहतात. त्यांना एका अंड्याचा पांढरा बलक, दोन लहान चमचे मक्याचे पीठ, चिमूटभर मिरपूड आणि अर्धा चमचा सोया सॉस चोळून अर्धा तास ठेवते. अंड्याचा आणि पिठाचा हा पातळ लेप कढईत शिरताच घट्ट होतो आणि मांसातला रस आत धरून ठेवतो. हॉटेलातल्या कोंबडीचा तो रेशमी मऊपणा यातूनच येतो.

भाज्यांत दोन गाजरे, मूठभर फरसबी, दोन ढोबळ्या मिरच्या, पाव गड्डा कोबी आणि चार पातीचे कांदे. सगळ्या भाज्या एकसारख्या आकाराच्या चिराव्यात, नाही तर एक तुकडा कच्चा आणि दुसरा गाळ अशी गत होते. धुतलेल्या भाज्या फडक्यावर पसरून अगदी कोरड्या कराव्यात. ओली भाजी तापलेल्या कढईत पडली की आधी ते पाणी वाफ होण्यात सारी उष्णता खर्ची पडते, आणि भाजी परतली न जाता नुसती उकडते. मीठही आधी घालू नये, कारण मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते.

लसूण, आले आणि दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून एका वाटीत. सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि मिरपूड दुसऱ्या वाटीत. मक्याचे पीठ पाण्यात कालवून तिसऱ्या वाटीत. हे सारे ओट्यावर ओळीने मांडून झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. तयारीला तास लागतो, प्रत्यक्ष शिजवायला सहा मिनिटे. चीनमध्ये सरपण जपून वापरावे लागे, म्हणून अन्न बारीक चिरून मोठ्या आचेवर झटपट परतण्याची ही रीत रुजली, असे अनेक अभ्यासक मानतात. मला त्यातली शिस्त आवडते. आग पेटल्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा.

कढई आपली नेहमीची लोखंडी. तिचा गोल तळ चिनी कढईहून फारसा निराळा नाही. ती धूर येऊ लागेपर्यंत तापवून मग तेल घालावे. गाडीवरच्या भट्टीची आच आपल्या घरगुती शेगडीला नसते, म्हणून कोंबडी एकदम न टाकता दोन हप्त्यांत परतून बाजूला काढावी. कढईत गर्दी झाली की तिची उष्णता उतरते. नंतर पुन्हा तेल, त्यात आले-लसूण पळभर, मग गाजर आणि फरसबी, मिनिटभराने ढोबळी मिरची आणि कोबी. सतत हात चालता ठेवावा. मग कोंबडी परत कढईत, वाटीतला रस, कालवलेले पीठ, आणि रस चकाकू लागला की वरून कांद्याची पात घालून लगेच उतरवावे.

सासूबाईंना रक्तदाब आहे, त्यामुळे सोया सॉसविषयी मला जागरूक राहावे लागते. सोयाबीन आणि गहू आंबवून केलेल्या या रसाच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मिठाइतके सोडियम असते. दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून पाच जणांत मिळून मी जेमतेम दीड चमचा सॉस वापरते आणि वेगळे मीठ मुळीच घालत नाही. अजिनोमोटोबद्दल मुलीने विचारले होते. टोकियोच्या विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळापासून तो वेगळा काढला, आणि त्यातले ग्लुटामेट टोमॅटोतही निसर्गतः असते. त्याची जेवढी भीती घातली जाते तेवढा तो घातक असल्याचे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. तरी तोही शेवटी सोडियमच, म्हणून आमच्याकडे त्याची गरज लसूण आणि मिरपूड भागवतात.

पहिल्या रविवारी एक अडचण उभी राहिली, ती प्रार्थनेची. आमच्याकडे जेवणापूर्वीची प्रार्थना यजमान सांगतात, आणि ती थोडक्यात आटोपण्याची त्यांना सवय नाही. आजारी माणसे, प्रवासात असलेली माणसे, पाऊसपाणी, सगळ्यांची त्यांना आठवण होते. परतलेल्या भाज्या काही इतक्या भाविक नसतात. तेव्हा असे ठरले, की गॅस पेटवण्याआधीच प्रार्थना करायची. सगळ्यांनी ताटे-वाट्या घेऊन टेबलाशी बसायचे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचे, प्रार्थना व्हायची आणि मग मी कढई तापवायची. पुढची सहा मिनिटे कुणालाही उठून जाता येत नाही.

ही सहा मिनिटे माझ्या दृष्टीने या पदार्थाची खरी मिळकत आहेत. माझी त्यांच्याकडे पाठ असते, हात कढईत गुंतलेले असतात, आणि मागे चार माणसे करायला काहीच नसल्यामुळे बोलू लागतात. मुलाच्या कारखान्यात कंत्राटी कामगारांना कमी केले जाणार आहे आणि त्याला रात्री झोप लागत नाही, हे मला प्रथम कळले ते असे, फरसबी परतताना. मुलगी नोकरी बदलण्याचा विचार करते आहे, तेही असेच. समोरासमोर बसून विचारले असते, तर दोघांनीही “काही नाही, ठीक आहे” एवढेच उत्तर दिले असते.

सोबतीला आंबेमोहराचा भात असतो. आंब्याच्या मोहरासारखा दरवळणारा हा तांदूळ आमच्या मुळशी-मावळ भागाची शान. तो आखूड आणि मऊ, शिजल्यावर थोडा चिकटसर. गाडीवरच्या सुट्या सुट्या फ्राइड राइसला तो चालत नाही, पण परतलेल्या कोंबडीचा चकचकीत रस तो असा काही धरून ठेवतो, की दुसरा तांदूळ नको वाटतो. काठ्यांनी खायचा भात चिकटसरच लागतो, असे मुलगी म्हणते. आम्ही मात्र हातानेच जेवतो.

सासूबाई पहिले काही रविवार आपली भाकरी आणि भाजी घेऊन आमच्याबरोबर टेबलाशी बसत. त्यांना मी एकदाही आग्रह केला नाही. देवळीची गोष्ट ऐकल्यानंतर दोन-तीन आठवडे गेले असतील. त्या रविवारी मी भाज्या चिरायला बसले, तर त्या विळी घेऊन शेजारी आल्या आणि फरसबी ओढून घेतली. त्यांच्या हातची चिराई अजूनही माझ्याहून सुबक आहे, एकेक तुकडा मापून कापल्यासारखा. जेवताना त्यांनी आपले ताट थोडे पुढे केले आणि म्हणाल्या, “दे थोडं. बघते.”

सगळेच गप्प झाले. त्यांनी भातात कालवून एक घास घेतला, शांतपणे चावला, आणि निर्णय दिला : “मीठ कमी आहे.”

नातवाला हसू आवरले नाही. मग त्याही हसल्या.

त्या आता दर वेळी हा पदार्थ खातात, पण त्याला ‘चायनीज’ म्हणत नाहीत. ‘परतलेलं’ म्हणतात. “आज परतलेलं करणार आहेस ना?” असे सकाळीच विचारतात. आपल्या भाषेत परतणे म्हणजे कढईत वरखाली हलवणे, आणि परतणे म्हणजे घरी येणे. हा शब्द त्यांनी विचारपूर्वक निवडला असेल असे मला वाटत नाही. पण तो त्यांच्या तोंडून येतो तेव्हा मला त्यांच्या आईचे कडी न लावलेले दार आठवते, आणि माकुमची ती मुलेही. देवळीतून सुटलेली कित्येक कुटुंबे पुढे टोरांटोला गेली. तेथे आज कोलकात्याच्या हक्का लोकांची उपाहारगृहे आहेत, आणि आपल्या देशातून तिकडे गेलेली मंडळी घरची आठवण आली की तेथे जाऊन मिरची-लसणीची झणझणीत कोंबडी खातात. ज्यांना या देशाने परके ठरवले, त्यांनीच या देशाची चव एवढ्या दूर जपून नेली आहे.

सासूबाईंनी भावाविषयी अजून काही वेगळे म्हटलेले नाही, आणि मी विचारतही नाही. एकाचे दुःख समजले म्हणून दुसऱ्याचे मिटते, असे नसते. नोव्हेंबर महिन्यात, मृतांच्या स्मरणाच्या त्या महिन्यात, आम्ही त्यांच्या भावाच्या नावे मिस्सा अर्पण करतो. त्या महिन्यातल्या रविवारी आमच्याकडे भाकरी आणि कालवण असते, सगळे एकत्र बसतात, आणि लोखंडी कढई फळीवर पालथी घातलेली असते. असे करायचे, हे कुणी कुणाला सांगितलेले नाही.